आरशातून काढलेले फोटो

तिशीला टेकला तरी बाळ्याला दुकानात सगळे बाळ्याच म्हणत. केस कापायचं हे दुकान त्याच्या दादाचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, त्याखाली फळीवर कातरी, वस्तरे आणि पावडरचा डबा. फळीखालच्या खणात धुतलेले टॉवेल, आणि त्यांच्या तळाशी, एका टॉवेलात गुंडाळून, चोरीचा माल दडवावा तसा दडवलेला कॅमेरा. चोरीचा नव्हता तो, घामाच्या पैशाचा होता. पण एखादी गोष्ट मनापासून हवीशी वाटली की माणसाला तिचीच लाज वाटायला लागते. ही गाठ देवाने का मारून ठेवली आहे, त्याचं त्याला ठाऊक.

बाळ्या फोटो काढायचा, पण कसे, तर आरशातून. केस कापून झाले, मान झटकून झाली की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं. तेवढ्यापुरता चेहरा सैल पडतो. कुणी हनुवटी वर करून बघतो, कुणी गालावरून हात फिरवतो, कुणी उगीचच स्वतःवर खूश होतो. बाळ्या खांद्यामागे उभा राहून आरशातला तो चेहरा टिपायचा. "नमुन्यासाठी हो," म्हणायचा. "नव्या गिऱ्हाइकाला कापणी दाखवायला." लोक बिचारे हो म्हणायचे.

"काढ बाबा, पण केस दिसू देत," दादा म्हणायचा. "तू नुसती थोबाडं काढतोस."

थोबाडंच तर काढायची होती. पण ते बोलायला जीभ रेटत नव्हती.

चौकातल्या स्टुडिओवाल्या बाईंनी मात्र ते ओळखलं होतं. बाळ्या त्यांच्याकडे फोटो छापायला न्यायचा. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्याने आता दिवसभर उभं राहवत नाही. येतोस का माझ्याकडे कामाला? कायमचा?"

"दादाला विचारून सांगतो," बाळ्या म्हणाला, आणि विचारलं मात्र नाही. विचारणार कुठल्या तोंडाने? वडिलांच्या माघारी दादाने त्याला वाढवलं, हात धरून कातर चालवायला शिकवलं, दुसरी खुर्ची त्याच्यासाठी म्हणून घेतली. त्या माणसाला सांगायचं काय, की तुझी खुर्ची नको? आणि दोघे भाऊ बोलत तेही आरशातूनच. हात कामात, पाठ एकमेकांकडे आणि नजर काचेत. तसं बोलताना अवघड गोष्ट टाळता येते.

अशात घड्याळकाका गेले. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचे, आणि दाढीला नेहमी बाळ्याच्याच खुर्चीत बसायचे. पुढे काही दिवसांनी काकू दुकानात आल्या. "यांचा एकही धड फोटो नाही रे घरात. तू म्हणे काढायचास?"

बाळ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने काकांचा सगळ्यात आवडता फोटो मोठा करून घेतला, चौकट बसवली, आणि काकूंना बोलावलं ते नेमकं गर्दीच्या वेळी. मनात कुठेतरी होतं, चार लोकांनी बघावं, दादानेही बघावं. दादा खरोखरच म्हणाला, "बघा काकू, आमच्या बाळ्याचा हात."

काकूंनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मग हळूच म्हणाल्या, "छान आहे रे. पण हे ते नव्हेत."

"काकू, डोळ्यांत पाणी आलंय, नीट बघा," तोंडाला फेस लावून बसलेला एकजण म्हणाला.

"नीटच बघतेय. जन्मभर उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले. तो डोळा बारीक झाला होता, सुरकुत्याही त्याच बाजूला. इथे सगळं दुसरीकडे गेलंय. भांगसुद्धा."

दादाच्या लक्षात आलं आणि तो हसत सुटला. "अरे, तू माणसाऐवजी आरसा छापलास की."

"बरं झालं काकूंनी ओळखलं," फेसवाला म्हणाला. "नाहीतर घरात परका पुरुष टांगला असता."

सगळं दुकान हसलं. काकूही तोंडाला पदर लावून थोड्या हसल्या, आणि बाळ्याला तेच सगळ्यात लागलं. कान तापले. आरशात बघायची सोय नव्हती, तिथे सगळे त्याच्याकडेच बघत होते. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचं काय ते मनाला लावून घ्यायचं? पण ज्या माणसाच्या गालावरून वर्षानुवर्षं वस्तरा फिरवला, त्याचा चेहरा कुठल्या बाजूला कसा आहे हे आपल्याला ठाऊक नाही, ही काही एवढीशी गोष्ट नव्हे.

चौकट काखेत मारून तो स्टुडिओत गेला आणि घडलं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "फोटो उलटवणं चुटकीचं काम आहे. त्याचं काही नाही. पण तुझे सगळेच फोटो आरशातले. एक तरी माणूस तुझ्याकडे बघतोय का? सगळे स्वतःकडे बघतायत."

"समोर उभं राहून मागायची लाज वाटते."

"मग इथे येऊन काय करशील?" त्या रागावल्या नव्हत्या, पण स्वर मऊही नव्हता. "इथे येणारा माणूस आधीच अवघडलेला असतो. त्यात तूही अवघडलास तर दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं का? दादाला तरी सांगितलंस का?"

बाळ्या खाली मान घालून बाहेर पडला.

सुलटा केलेला फोटो घेऊन तो काकूंकडे गेला. काकूंनी तो जवळ धरला, बारीक झालेल्या डोळ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता आले."

तेवढ्यावर उठता आलं असतं. पण देवाला सगळं समोरूनच दिसतं, त्याच्यापुढे नमुन्याची सबब चालत नाही, असं काहीसं बाळ्याच्या मनात आलं असावं. "काकू, मी काकांना नमुन्यासाठी म्हणून सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला त्यांचा चेहरा आवडायचा."

"मग सांगायचंस ना त्यांना," काकू म्हणाल्या. "किती बरं वाटलं असतं. त्यांना असं कधी कुणी म्हटलंच नाही. मीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दादा फळी पुसत होता. बाळ्याने दुसरी खुर्ची आरशाकडे पाठ करून वळवली.

"दादा, बस जरा."

"दाढी झालीय माझी."

"दाढीला नाही. तुझा फोटो काढायचाय."

"नमुन्याला मी?" दादा डोक्यावरून हात फिरवत बसला. "केस कुठायत?"

"नमुन्याला नाही. नमुना कधीच नव्हता, दादा. मी खोटं सांगत आलो. मला माणसांचे चेहरे काढायचेत. स्टुडिओवाल्या बाई कायमचं बोलावतायत, आणि मला जायचंय."

बोलून झालं, आणि बघायला दादाच्या चेहऱ्याशिवाय काही नव्हतं. दादा एवढा थकला आहे, डोळ्यांखाली एवढं काळं झालं आहे, हे बाळ्याने आज पाहिलं. त्याची मान खाली गेली.

"कधीपासून बोलावतायत?"

"बरेच दिवस झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"माझीच."

दादा हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिला. "मला वाईट वाटलं असतं, हे खरं. आताही वाटतंय. पण ते माझं मी बघितलं असतं. तू मला एवढा लहान समजलास?"

"सकाळच्या गर्दीला मी येत जाईन," बाळ्या कसाबसा म्हणाला.

"अर्धंमुर्धं नको. जायचं तर नीट जा. खुर्चीचं बघेन मी." दादाने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, परत काढलं. "आता काढायचा तर काढ लवकर. असं कुणी बघत नाही माझ्याकडे. कसंतरी होतंय."

"मलाही होतंय."

बाळ्याने कॅमेरा डोळ्याला लावला. बटण दाबलं, फोटो बघितला. दादाचा चेहरा नुसताच पुसट आला होता.

"हलला, दादा. पुन्हा काढावा लागेल."

"काढ," दादा म्हणाला. "बसलोय मी."