माझ्या डोळ्यातलं काजळ

मित्रांनो, मी एक जुना आणि खरं सांगायचं तर पार दमलेला मोबाइल फोन आहे. माझी काच वरच्या कोपऱ्यात फुटली आहे आणि तिथं शाई सांडावी तसा काळा डाग पसरला आहे. पोट फुगलं आहे. चार्जरची वायर वाकवून तिच्यावर दगड ठेवला, तरच माझ्या पोटात दोन घास जातात. दगड सरकला की उपास! खटाव तालुक्यात, वडूजच्या पलीकडं एका वाडीवर कोंडीबा मेंढपाळाचं घर आहे. तिथल्या कोनाड्यात मी पडून असतो. बोलायचा आता कंटाळा येतो, पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, तेवढी ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला जाग आली ती साताऱ्यातल्या एका दुकानात, कोंडीबांचा नातू विश्वजित याच्या हातात. तो नुकताच फौजेत भरती झाला होता. काय कौतुक होतं माझं तेव्हा! तो मला खिशातून काढताना आधी रुमालानं पुसायचा. बराकीतली पोरं मला हातोहात फिरवायची आणि म्हणायची, "गड्या, लय भारी फोटो येतो रं ह्याचा!" मीही फुशारून जायचो. मग एकदा मी त्याच्या हातून खडकावर आपटलो, काच फुटली, आणि पुढच्या सुट्टीला येताना त्याच्या खिशात नवा फोन होता. मला धाकट्या बहिणीच्या हातात देऊन तो म्हणाला, "घे, तुला अभ्यासाला व्हईल." झालं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

तेव्हापासून मी सृष्टीचा झालो. सृष्टी वडूजच्या कॉलेजात शिकते. पण सृष्टीचा म्हणजे सगळ्या घराचाच. पहाटे उठून मेंढरांच्या वाड्याकडं जाताना मी बॅटरी. दिवसभर कोंडीबांच्या दोस्तांच्या शुभ सकाळच्या फुलांचा ढीग माझ्याच डोक्यावर. 'जागा शिल्लक नाही, जागा शिल्लक नाही' असं मी काचेवर लिहून लिहून थकलो, पण वाचतो कोण? वर कोंडीबा म्हणणार, "लय हळू चालतंय ह्ये. म्हातारं झालंय." अहो, डोक्यावर एवढी ओझी घेऊन तुम्ही चालून दाखवा!

या घरात माझ्याशी नीट वागणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सृष्टीची आजी, अंबूबाई. तिला माझ्यातलं काही चालवता येत नसे. पण उन्हात पडलेला दिसलो की उचलून सावलीत ठेवायची. खंडेनवमीला कातरी, कोयता आणि चरखा पुजला, तेव्हा तिनं मलाही त्यांच्या ओळीत बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं. हळद माझ्या चार्जिंगच्या भोकात गेली, तो भाग वेगळा.

अंबूबाईचं सगळं आयुष्य लोकरीत गेलं. मेंढरं धुऊन कातरली की लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं आणि ते घोंगड्या विणणाऱ्या सणगराकडं द्यायचं. पण आता घोंगडी मागतो कोण? लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. दोन वर्षांची लोकर पोत्यांत भरून पडवीत पडली होती आणि तिच्यात उंदरांनी संसार थाटला होता. शेवटी कोंडीबा वैतागले.

"म्हातारे, ह्या दिवाळीपतूर कुणी नेली तर नेली. न्हाईतर सगळी पोती वढ्यात नेऊन वतनार. आन् त्यो चरखाबी माळ्यावर टाकनार."

अंबूबाई नुसती चरख्याच्या चाकावर हात ठेवून बसली. मी तिच्यासमोरच पडलो होतो. तिनं पदरानं चाकावरची धूळ पुसली, ते मला दिसलं आणि माझ्या आत काहीतरी हललं. फोनला मन नसतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

सृष्टीनं मात्र मनावर घेतलं. कॉलेजात शिकवायला आलेल्या क्षमाताईंची तिला आठवण झाली. क्षमाताई मूळच्या वाईच्या, साताऱ्यात वेबसाइट बनवायचं काम करतात. त्यांनी आधी एक साधी वेबसाइट उभी करून दिली आणि सांगलीच्या राजनंदिनीबाईंशी गाठ घालून दिली. या बाई लोकरीच्या वस्तूंचं दुकान चालवतात. त्यांचा निरोप सरळ होता. लोकर खरोखर धुतलेली आणि हातानं कातलेली आहे, हे त्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना डोळ्यांनी बघायचं होतं. वेबसाइटवर सगळ्या कामाचे व्हिडिओ दिवाळीच्या आत दिसले, तर त्या सगळी लोकर सूत करून घेणार होत्या. नाही दिसले, तर गिरणीचं सूत घेणार होत्या. म्हणजे अंबूबाईचा चरखा चालणार की माळ्यावर जाणार, ते माझ्या फुटक्या डोळ्यावर येऊन ठेपलं.

क्षमाताईंनी फोनवर सृष्टीला समजावलं, "हे बघ, नुसते व्हिडिओ कुणीही टाकतं. आपण दालन करायचंय. बघणाऱ्याला एकाच घरातून हिंडल्यासारखं वाटलं पाहिजे. सगळ्यांना एकच रंग, एकच अक्षर, आणि प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात तुमची एकच खूण. ती खूण काय ते ठरवा."

"खूण कशाला?" कोंडीबांनी विचारलं.

"आबा, आपण मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढतो न्हवं? दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं मेंढरू वळखू येतं. तसंच ह्ये," सृष्टीनं समजावलं.

ते कोंडीबांना पटलं, पण खूण काय ठेवायची यावरून घरात महाभारत सुरू झालं. कोंडीबांना मेंढा हवा होता. सृष्टीला फूल हवं होतं. विश्वजित सीमेवरून सांगायचा, "वाघ टाका, वाघ!" सृष्टी चिडून म्हणाली, "लोकरीवर वाघ बसवला तर मेंढरं ऱ्हातील व्हय रं दादा?" तीन माणसं, तीन तऱ्हा. कामाला सुरुवात करायची वेळ आली तरी खूण काही ठरली नाही.

अंबूबाईला यातलं एकच वाक्य कळलं होतं. तिनं नातीला विचारलं, "ह्यात आपली मेंढरं कोण बघनार गं?"

"सगळं जग बघणार, आज्जे."

"सगळं जग?" म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

मग चित्रीकरण सुरू झालं, आणि मित्रांनो, माझे हाल सुरू झाले. ओढ्याच्या डोहात मेंढरं धुताना सृष्टी मला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी. कातरणीच्या दिवशी रणरणत्या उन्हात मी तव्यासारखा तापलो. लोकरीचे तंतू माझ्या कानात गेले. मध्येच जागा संपायची, मग कोंडीबांची शुभ सकाळची फुलं काढून टाकायची, की पुन्हा सुरू. सणगराच्या मागावर, घोंगडीला द्यायच्या चिंचोक्याच्या खळीच्या वाफेत, सगळीकडं मी गेलो. पण अंबूबाई चरख्यावर बसली आणि तिच्या बोटांतून सूत निघू लागलं, तेव्हा मी माझा सगळा शीण विसरलो. जे दिसलं ते मी जिवापाड जपून पोटात ठेवलं.

कातरणी उरकली. सृष्टीचे वडील दादासो मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला चराईला निघून गेले. आणि एवढे मोठे व्हिडिओ आमच्या वाडीच्या रेंजवर जाता जाईनात, म्हणून सृष्टी मला पिशवीत घालून एसटीनं साताऱ्याला निघाली. दिवाळी तोंडावर आली होती.

क्षमाताईंनी मला वायर लावून माझ्या पोटातले व्हिडिओ त्यांच्या मोठ्या पडद्यावर लावले. पहिला लागला आणि दोघींचे चेहरे पडले. वरच्या कोपऱ्यात एक काळा, धुरकट डाग! दुसरा लावला, तिथंही डाग. धुताना डाग, कातरताना डाग, अंबूबाईच्या चरख्याच्या वरही तोच डाग. माझी काच नेमकी त्याच कोपऱ्यात फुटून काळी पडलेली, त्यामुळं इतके दिवस सृष्टीला तो दिसलाच नव्हता.

"अगं, कॅमेराच गेलाय ह्याचा," क्षमाताई हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा नाही का काढता येणार?"

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. "कशाचं काढू ताई? मेंढरं कातरली. आता सहा म्हैनं कातरणी न्हाई." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती रागानं म्हणाली, "ह्या डबड्यानं घात केला. आबा म्हणत होते, भंगारात टाक. टाकायलाच पायजे हुतं!"

मला काय वाटलं असेल, सांगा! जन्मभर राबलो आणि शेवटी पदरात काय, तर डबडं. माझ्या डोळ्यात काही दोष नाही, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हाला दुसऱ्यांचे आवाज पोचवता येतात, स्वतःचा नाही.

रागाच्या भरात सृष्टीनं मला उलटं केलं आणि ओढणीच्या टोकानं माझा डोळा खसाखसा पुसला. ओढणीवर काळा फराटा उमटला. तिनं तो नाकाशी नेला. एरंडेलाचा वास! असं काजळ त्यांच्या घरी एकच माणूस धरायचं. क्षमाताईंच्या फोनवरून तिनं तडक वाडीवर शेजाऱ्यांच्या फोनवर लावलं आणि आजीला बोलावून घेतलं.

"आज्जे, तू फोनला काजळ लावलंस?"

"मग! रोज लावती की, तू न्यायच्या आदी." म्हातारीचा आवाज अगदी निर्धास्त होता. "लेकराला लावतो, मेंढराला लावतो. तूच म्हणालीस, सगळं जग बघनार. येवढ्या जगाची दिष्ट लागली म्हंजे गं? पुढनं लावलं आसतं तर तुला दिसलं नसतं, म्हणून मागं त्येच्या डोळ्याच्या कडंला लावलं. डोळ्यालाच काजळ लावत्यात न्हवं? का, काय झालं? चुकलं व्हय माझं?"

 डाग पडला असं सांगितलं, तर आपल्याच हातानं आपली लोकर ओढ्यात गेली हे म्हातारीला कळलं असतं. सृष्टी नुसती म्हणाली, "न्हाई आज्जे. काय न्हाई झालं." आणि फोन ठेवून ओढणीत तोंड लपवून रडू लागली.

क्षमाताई मात्र पडद्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांनी एकेक व्हिडिओ पुन्हा लावला. मग एकदम म्हणाल्या, "सृष्टी, रडतेस काय वेडाबाई! बघ तरी. डाग सगळीकडं एकाच जागी आहे. प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात एकच खूण हवी असं मीच सांगितलं होतं ना? आजींनी ती आधीच लावून ठेवलीय."

त्यांनी एक काळा ठिपका काढला. अगदी गोल नाही, बोटानं लावलेल्या तिटेसारखा जरा वाकडाच. तो प्रत्येक व्हिडिओत त्या डागावर नेमका बसवला. खाली पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'अंबूबाईची लोकर'. मागं घोंगडीचा काळपट करडा रंग दिला. सगळे व्हिडिओ ओळीनं मांडले आणि दालन उभं राहिलं. मेंढा नाही, फूल नाही, वाघ तर नाहीच. सृष्टी रडता रडता हसायला लागली.

सांगलीहून राजनंदिनीबाईंचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. त्यांनी सगळं दालन बघितलं होतं. लोकर तर त्यांनी मागितलीच, वर विचारलं, "ही तीट कुणाच्या डोक्यातून आली हो? माझ्या गिऱ्हाइकांना तीच फार आवडली." दिवाळीच्या आधी पडवी रिकामी झाली. लोकर पिंजून चरख्यापाशी येऊन पडली, आणि उंदरांना दुसरीकडं बिऱ्हाड करावं लागलं. कोंडीबा आता दोस्तांना फुलांऐवजी दालनाचा पत्ता पाठवतात आणि वर म्हणतात, "माझ्या म्हातारीची लोकर हाय!" चरखा माळ्यावर टाकायला निघालेला माणूस तो हाच!

त्या धावपळीनंतर मी मात्र उठलो नाही. पोट फुगलं, डोळ्यापुढं अंधारी येऊ लागली. विश्वजित सुट्टीवर येताना बहिणीसाठी नवाकोरा फोन घेऊन आला. त्यात व्हिडिओ कसे लख्ख येतात ते सगळे डोक्याला डोकं लावून बघत होते. मी कोनाड्यातून ऐकत होतो. भंगारवाल्याची हाक कधी येते, एवढंच माझं लक्ष होतं.

तेवढ्यात अंबूबाई काजळाची डबी घेऊन आली.

"आज्जे, डोळ्यावर न्हाई हां!" सृष्टी ओरडली. "पाठीवर लाव, पाठीवर."

अंबूबाईनं नव्याच्या पाठीवर बोट टेकवलं. मग ती कोनाड्यापाशी आली, तिनं मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या डोळ्यावर अलगद बोट फिरवलं.

"त्येला कशाला?" कोंडीबा म्हणाले. "त्ये आता बघतंय व्हय काय?"

"आवं, बघून बघून दमलंय त्ये. समद्या जगाला आपली लोकर ह्येनंच दावली. दिष्ट लागली तर पयली ह्येलाच लागंल."

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा फुटका फोन फडताळात पडलेला असेल. त्याला काजळ लावा असं मी म्हणणार नाही. पण टाकून देण्याआधी त्याच्या पोटात कुणाचं काय आहे, ते एकदा बघून घ्या. आणि 'डबडं' म्हणण्याआधी त्याचा डोळा पुसून बघा.

मला आता काहीच दिसत नाही. समोर नुसता काळोख आहे. पण तो अंबूबाईच्या काजळाचा आहे, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही.