घट्ट वीण

चौकोनाचं एक टोक पोचत नव्हतं. मंगलाबाईंनी ते अंगठ्यानं ताणलं, शेजारच्या निळ्या चौकोनाच्या काठाला टेकवलं, सोडलं — परत आत. बोटभर कमी. लाल लोकर, आणि प्रत्येक टाक्याला एक नाम. भजनी मंडळाचा नियमच तो. विणताना गप्पा नाहीत, टाका आणि नाम, नाम आणि टाका, म्हणजे हरसूलकडच्या आश्रमशाळेतली पोरं नुसत्या लोकरीत नाही, नामात झोपतील... नियम सुचवला कुणी? मीच. आणि तोकडा निघाला तो माझाच.

"लय घट्ट विणलंय, मंगल," रंगूबाई म्हणाल्या. त्यांच्याच हॉलमध्ये सतरंजीवर सगळ्यांचे चौकोन पसरले होते आणि ते जोडून ब्लँकेट करायचं काम त्यांच्याकडे होतं. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेली बाई, बोलणं सरळ. "हा नाय बसायचा. उसव अन् परत घे."

"उसवायचा? नाम घेऊन विणलाय तो."

"मग? देव काय लोकरीत अडकून बसलाय का?" रंगूबाई हसल्या, आणि दातानं दोरा तोडत सहज म्हणाल्या, "सून कधी येती पेठहून?"

"येईल. माहेरपण चाललंय."

बाकीच्या बायकांनी माना वर केल्या नाहीत. म्हणजे ठाऊक आहे सगळ्यांना. लेक नवनाथ सातपूरच्या कारखान्यात जातो, तिथून गोष्ट फुटायला कितीसा वेळ... मंगलाबाईंनी चौकोन मांडीवर घेतला. उसवायचं नाही, असं मनाशी म्हणत त्या कडेची गाठ शोधू लागल्या.

"आई, जप नंतर करा, दूध उतू गेलं बघा." एवढंच म्हणाली होती शुभांगी, भिंतीला धरून उभी राहून. पोटातलं मूल गेलेलं, दवाखान्यातून नुकतीच घरी आलेली, चेहरा पांढराफटक. आणि मी सुया न थांबवता म्हटलं, देवाचं ज्या बाईला वावडं, तिची कूस भरेल कशी. जिभेला हाड नसतं म्हणतात. पण खोटं काय बोलले मी? कधी दिवा लावला तिनं आपणहून? तिनं गॅस पुसला, आणि संध्याकाळच्या एसटीनं गेली. नवनाथ तेव्हापासून मान खाली घालून जेवतो. एकदाच बोलला — "मी आणणार नाही तिला. तू घालवलीस, तू जा." तू जा! सासूनं सुनेच्या माहेरी जाऊन उंबऱ्यात उभं राहायचं, तिच्या आईच्या हातचा चहा घ्यायचा, आणि म्हणायचं काय? त्यापेक्षा नाम बरं. आपण विणत राहावं, वरचा बघतोय, तो तिला बुद्धी देईल.

गाठ सुटली. मंगलाबाईंनी धागा ओढला आणि ओळ सर्रकन निघाली, मग दुसरी, आणि त्यांचा हात थबकला — कारण ही ओळ त्यांना ओळखू आली. ही विणताना ओठ हलत होते खरे, पण आत चाललं होतं, आली परत तर पहिले चार दिवस बोलायचंच नाही. त्याखालची... तिच्या आईला काय सुनवायचं ते. त्याखालची, नवनाथ बायकोचा बैल झालाय. ओळीमागून ओळ तेच, कुठं एखादं नाम सापडेल म्हणून त्या ओढत राहिल्या, आता भराभर, आणि शेवटी मांडीवर नुसता वाकडातिकडा लाल धागा पडला. एक तरी असेल की. एवढ्या टाक्यांत एक तरी. रंगूबाई बघतायत का म्हणून त्यांनी चोरून पाहिलं.

कुणी बघत नव्हतं. त्यांनी सुया उचलल्या. पहिला टाका घातला आणि सवयीनं ओठ उघडले, पण नाम म्हणायची हिंमत होईना. म्हटलं तर परत त्याच्याआड तेच सगळं येऊन बसणार. तोंड रिकामं ठेवून त्यांनी दुसरा टाका घातला. असं रिकामं तोंड त्यांना सोसवेना, गर्दीत पदर ढळल्यासारखं झालं. तिसरा टाका. चौथा, जरा सैल.

शुभांगीला थंडी सोसत नाही. पेठला इकडच्यापेक्षा जास्त पडते, आणि जाताना ती स्वेटर घेऊन गेली नाही, तो कपाटात आहे, खालच्या कप्प्यात.

हे मध्येच कुठून आलं, मंगलाबाईंना कळेना. त्यांना त्या विचाराचाच राग आला. त्यांनी तो झटकला, पाचवा टाका घातला, आणि तो पुन्हा आला.