न गाठलेला सूर

घशाच्या ऑपरेशननंतर आमच्या यांनी गाणं सोडलं. "आता माझ्यापेक्षा कावळा बरा," म्हणत गिटार कपाटावर टाकली, ती वर्षभर तिथेच होती.

त्या रविवारी दीर आणि नणंद आले आणि त्यांचं नेहमीचं जुंपलं. तिघा भावंडांचा लाडका गायक एकच, साठ वर्षं स्वतःची गाणी लिहून गाणारा.

"खरा तो तरुणपणीचाच. एक गिटार, एक गळा!" दीर म्हणाले.

"दादा, तुझी सुई तिथेच अडकलीये. बँड घेतल्यावर तो खुलला," नणंदेनं टोकलं.

"आणि आता? आता नुसता खोकतो!" बोलून गेले, आणि यांच्याकडे बघून दिरांनी जीभ चावली.

नणंदेनं गडबडीनं नवी रेकॉर्ड लावली. त्याचं पहिलंच गाणं, म्हातारपणी पुन्हा गायलेलं. मी शेजारी जपाला बसले होते. जप मध्ये सोडायचा नाही हा माझा नेम, पण कान तिकडेच होते.

सगळ्यांना पाठ असलेली ती उंच जागा जवळ आली. त्यानं ती गाठलीच नाही. ती ओळ तो खालच्या सुरातच, जवळ बसून सांगितल्यासारखी म्हणाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी खोल ती कधीच वाटली नव्हती.

पुढच्या ओळीला आवाज दोन झाले. दुसरा घोगरा, फाटका, आमच्या घरातला.

माझ्या हातातली माळ थांबली.

गाणं संपल्यावर दिरांनी स्टूल ओढलं आणि कपाटावरची गिटार खाली काढली.

"धूळ बघ किती बसलीये," ते म्हणाले, आणि बाहीनंच पुसू लागले.