मायकेनसाठी घेतलेली गाडी

स्वीडनमधल्या हॅर्नोसांडच्या शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक लांब, बुटकी स्टेशन वॅगन, होकानच्या जुन्या गाडीचीच नवी आवृत्ती. दुसरी उंच, रुंद एसयूव्ही. होकानची बायको इल्वा दुसरीपाशीच घुटमळत होती.

“सीट गरम होतात. मायकेनच्या कमरेला बरं पडेल.”

“आणि डिकी?”

“डिकीत तूसुद्धा झोपशील.”

मायकेन म्हणजे होकानची आई, ऐंशी ओलांडलेली. विक्रेत्याने हात दिला, होकानने कोपर धरलं आणि ती वर बसली.

“कसं वाटतंय, आई?”

“छान. बस चालवायलाच बसल्यासारखं.”

ते तिला आवडलं, असं दोघांनी गृहीत धरलं. एकटीनं चढून बघ, असं कुणी म्हणालं नाही. आणि मायकेन आपणहून कुरकुर करणाऱ्यातली नव्हती. एसयूव्ही ठरली. जुनी वॅगन त्याच आठवड्यात विकली गेली.

सप्टेंबरात दर रविवारी हे कुटुंब जंगलात लिंगनबेरीची लाल, आंबट फळं वेचायला जाई. मायकेनला वाकणं जमेनासं झाल्यापासून ती वॅगनचं मागचं दार उघडून डिकीच्या काठावर बसे. पाय शेवाळावर टेकवून ती सगळ्यांच्या टोपल्यांतला पाला निवडायची, थर्मासमधली कॉफी ओतायची. निवडून झाल्याशिवाय फळं घरी नेलेली तिला खपत नसत.

नव्या गाडीतल्या पहिल्या रविवारी तिचा फोन आला. “मला नाही जमणार रे. धुण्याची वेळ आहे माझी.”

इमारतीच्या तळघरातल्या सामायिक धुलाईखोलीत प्रत्येकाने नोंदवून घेतलेली वेळ म्हणजे वेळ. ती सोड, असं पोटचा मुलगाही म्हणत नाही. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

“एवढे कपडे कुठून येतात हिचे?” इल्वा म्हणाली.

“पडदे असतील.”

त्या दिवशी परतताना होकान फळांची टोपली घेऊन थेट आईच्या इमारतीच्या तळघरात गेला. तिथे तिचा शेजारी रोलांड चादरींच्या घड्या घालत होता.

“मायकेन? ती मंगळवारवाली. रविवार माझा.”

“बदलून घेतला असेल तिनं.”

“माझा रविवार?” रोलांडने चादर झटकली. “तू मुलगा ना तिचा?”

मायकेन वर स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती.

“तळघरात गेलो होतो,” होकान म्हणाला.

“मग रोलांड भेटला असेल. घड्या चांगल्या घालतो.”

“आई, सांगायचंस की.”

“काय सांगायचं? माझ्यासाठी घेतलीत तुम्ही ती. दोघांनी मला पोत्यासारखं चढवायचं, मग उतरवायचं. बेऱ्या उचलायला जाता की मला?”

जुनी वॅगन परत मिळते का बघायला होकानने ती घेणाऱ्याला फोन लावला. तो माणूस खुशीत होता. त्याच्या दोन्ही कुत्र्यांना मागची जागा फार आवडली होती. होकानने गाडीचं कौतुक केलं आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल बरोबर घेतलं. मायकेन त्यावर पाय ठेवून गाडीत चढली. जंगलात पोचल्यावर त्याने सवयीने मागचं दार उघडलं. डिकीचा काठ मायकेनच्या कमरेच्याही वर येत होता. तिने आपला कप त्यावर ठेवला.

“दुकानच झालं की. बोला, काय देऊ?”

इल्वा हसली. दुसरं कुणी हसलं नाही, तशी तीही थांबली.

होकानने स्टूल शेवाळावर मांडलं. मायकेन बसताच स्टुलाचे दोन पाय एका अंगाला रुतले. ती होकानचा हात धरून उठली आणि गाडीला टेकून उभ्यानेच कॉफी पिऊ लागली. टोपली इल्वाने मांडीवर घेतली होती. ती पाला निवडत होती, पण बराचसा राहत होता. मायकेन ते बघत होती.

कप अर्धा असतानाच तिने उरलेली कॉफी ओतून दिली.

“निघू या. मंगळवारी धुणं आहे माझं.”

होकानने बटण दाबलं. मागचं दार आपोआप, सावकाश खाली येऊ लागलं. ते बंद होईपर्यंत तिघंही तिथेच उभी राहिली.