शेंदराची खोळ

“आजी, हे काय करून ठेवलंत!” कॅमेऱ्यामागून रमजान ओरडलाच.

राहीबाईनं तेलाचे हात पदराला पुसले. “फोटू काढनार म्हनलास ना? मंग देवाला तसाच उघडा बसवू?”

आसपासच्या गावांतून आणलेले कोरीव दगड महाडच्या कॉलेजच्या आवारात उभे होते. उद्या ते मुंबईच्या संग्रहालयात जाणार, म्हणून फोटो काढायला रमजानला बोलावलं होतं. आखातात निघालेल्यांचे पासपोर्टचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली. न हलणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटलं होतं. या दगडांतला एक पोलादपूरकडच्या राहीबाईच्या वाडीचा, वीरबाबा. नव्या नवरीचा पहिला नमस्कार त्याला. वाडीतल्या पुरुषांनी तो देऊन टाकला. आता तो पुन्हा दिसायचा नाही, निदान फोटो तरी घरात असावा म्हणून म्हातारी एसटीनं आली होती. आणि फोटोसाठी तिनं बाबाला तेल-शेंदूर फासून लालभडक केलं होतं.

“यात बाबा कुठं दिसतोय? नुसता गोळा येईल,” रमजान वैतागला. “जरा पुसा. मी हात नाही लावत.”

“आजवर कुनी पुसला नाय रे,” म्हणत ती वाकली. आणताना पहारीच्या धक्क्यानं शेंदराच्या थराला कडेनं भेग पडली होती. तिनं भीतभीत बोट घातलं मात्र, पिढ्यान्‌पिढ्यांची ती हातभर खोळ अख्खीच्या अख्खी सुटून तिच्या हातांत आली.

दोघं बघतच राहिले. बाकीचे दगड पावसानं झिजलेले, हा मात्र काल कोरल्यासारखा. तलवारीची मूठ, कानातली बाळी, पापण्यासुद्धा. ओठांवर हसू. वाडीतल्या बायकांनी फासलेल्या शेंदरानंच त्याला जपलं होतं.

“या अल्ला,” रमजान पुटपुटला, “काय हात असेल करणाऱ्याचा!”

“हसतोय रे,” राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. “इतकी वर्सं हसत व्हता, नि आमाला ठावंच नाय.”

“हलू नका,” रमजान सवयीनं दगडाला म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

“फोटू मागनं दे,” राहीबाई म्हणाली. “हा मी नेते.” खोळीच्या आतल्या बाजूला बाबाचा चेहरा नाकाडोळ्यांसकट खोलगट उमटला होता.

संध्याकाळच्या एसटीत कंडक्टरनं तिला गाठोडं वर ठेवायला सांगितलं.

“नको रे दादा, मोडंल,” ती म्हणाली, आणि पोलादपूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी मांडीवरचं गाठोडं अलगद उचलून धरत राहिली.