साहेब आला

मंगळवार, २८ फेब्रुवारी १९७८. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आवक-जावक विभागाचा कारकून चंद्रभान बोरकुटे भाषणाला उभा राहिला आणि चार वाजून चौदा मिनिटांनी खाली बसला. टाळ्या पडल्या नाहीत.

प्रसंग साहेबांच्या निरोपाचा होता. साहेबांना बढती मिळाली होती, पण ते लांब जाणार नव्हते. त्याच इमारतीत दोन मजले वर. त्यामुळे सगळेच बेतानं बोलत होते. चंद्रभान मात्र हात टेबलाला न टेकता, नजर शेवटच्या रांगेवर ठेवून मोकळ्या आवाजात म्हणाला, "साहेब या कार्यालयात आला, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. पण साहेब कधी कुणावर रागावला नाही. आमच्या टेबलापाशी येऊन बसला, आमच्याशी बोलला. आज साहेब वर गेला, याचा आम्हा सर्वांना आनंद आहे."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि तोंड दाबलं. बाकी सगळं शांत. चंद्रभानला वाटलं, भाषण रंगलं.

हेडक्लार्क बाबारावांनी त्याला जिन्यात गाठलं.

"काय गा, भांग घेऊन आला होता का?"

"काहून? काय झालं?"

"काय झालं म्हणून मलेच विचारून राहिला! भर सभेत साहेबाले आला, गेला, बोलला. साहेब का तुह्या वावरातला गडी आहे?"

"मी 'आले' म्हटलं, बाबारावजी."

"'आला' म्हटलं. दहा वेळा म्हटलं. वरून म्हणते, साहेब वर गेला अन् आमाले आनंद झाला!"

चंद्रभाननं भाषण मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं. दुसऱ्या वाक्यापर्यंत त्याचे कान तापले.

चौदा वर्षं तो जिन्याखालच्या खोलीत बसत होता. खोलीला एक खिडकी होती, पण तिच्यासमोर फायलींचं रॅक उभं केल्यावर ती कुणी पाहिली नव्हती. दारातून लोक कागद टाकत, तो नंबर घालून शिक्का मारी. दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारे शब्द ठरलेले होते. "टाक." "झालं का?" "आजच जाऊ दे." चौकशीच्या खिडकीवरचे मारोतराव मार्चअखेर निवृत्त होणार होते. तिथं बसणाऱ्याला दहा ते पाच माणसांशी बोलावं लागे. चंद्रभानला ती जागा हवी होती. त्यानं दोनदा विचारलं, तेव्हा बाबाराव म्हणाले होते, "तुह्या तोंडातून शब्द त निघत नाही, तू काय चौकशी सांगशील?"

म्हणून गेल्या जूनपासून तो दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता सीताबर्डीच्या एका शाळेत जाऊ लागला. तिथं दत्तोपंत नावाचे निवृत्त शिक्षक भाषण मंडळ चालवीत. दहा-बारा माणसं, प्रत्येकाला पाच मिनिटं. दत्तोपंतांसमोर टेबलावर घंटी असे. कुणी 'मले' म्हटलं, टिंग. 'त्याले' म्हटलं, टिंग. पहिल्या दिवशी 'माझ्या गावचा बाजार' या विषयावर चंद्रभानला सतरा वेळा घंटी झाली. पण पाच मिनिटं बारा माणसांनी फक्त त्याचं ऐकलं. असं त्याच्या आयुष्यात आधी झालेलं नव्हतं. तो लकडगंजातल्या घरापर्यंत सायकल हातात धरून, स्वतःशी बोलत चालत गेला. दिवाळीपर्यंत घंटी थांबली. 'ले' जिभेवर यायच्या आत तो त्याचा 'ला' करू लागला होता. माणसं टाळ्या वाजवू लागली. साहेबांच्या निरोपाला बोलण्यासाठी त्यानं स्वतःहून नाव दिलं, आणि बाबारावही म्हणाले, "जमलं त खिडकीसाठी तुहं नाव मी लावतो."

बुधवारी सकाळी त्याच्या टेबलावर एक पाकीट पडलं. उद्धट वर्तनाबद्दल लेखी खुलासा, सात दिवसांत. वर नाव त्याचंच होतं. त्यानं नेहमीप्रमाणे जावक नंबर घातला, शिक्का मारला, मग आवक नंबर घातला आणि पाकीट खिशात ठेवलं.

घरी बायकोनं, कुसुमनं, सगळं ऐकून घेतलं. "आपली बोली काय खराब होती जी?" ती म्हणाली. "माह्यासंग बोलाले पुरत होती."

"मंग नको जाऊ का उद्या?"

"तसं म्हटलं का मी? गुरुवारचे तुमी हसत घरी येता. बाकीचे दिवस मी पाहूनच राहिली ना."

गुरुवारी दत्तोपंतांनी त्याच्याकडून भाषण पुन्हा म्हणून घेतलं. 'साहेब आला' ऐकताच त्यांनी हात वर केला.

"अहो बोरकुटे, 'ले' दिसला की तुम्ही तो मारता. 'साहेब आले'मधला मानाचासुद्धा!"

"आठ महिने तुमी टोकलं नाही, सर."

दत्तोपंतांनी समोरची घंटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तुम्ही बाजारावर बोललात, बैलावर बोललात, नदीवर बोललात. मोठ्या माणसावर कधी बोललाच नाहीत. मला कळणार कसं?"

त्यांनी मंडळाच्या कागदावर चिठ्ठी लिहून देण्याची तयारी दाखवली. चंद्रभान नको म्हणाला. साहेबांना मास्तरची चिठ्ठी दाखवायला आपण शाळेतलं पोर नाही, असं त्याला वाटलं.

शनिवारी बाबाराव स्वतः जिन्याखाली आले. चौदा वर्षांत ते त्या खोलीत बसले नव्हते. बसायला जागा नव्हती म्हणून गठ्ठ्यावर टेकले.

"हे पाय चंद्रभान, 'जीभ घसरली, माफी असावी' असं लिहून दे. मी वर नेऊन देतो. खिडकी नाही भेटन, पण बाकी सारं निपटन."

"जीभ घसरली नाही, बाबारावजी. लय घोटून-घोटून तसं झालं."

"मंग तेच लिही."

"लिहिलं. चार कागद फाडले. लिहिलं का खोटं वाटते. बोललो त समजन."

"अबे, आता आणखी बोलतो? बोलूनच त हे झालं!"

"म्हणूनच जी."

"पागल आहे साला," बाबाराव म्हणाले, पण उठताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सोमवारी, ६ मार्चला, चंद्रभाननं खुलाशाऐवजी दोन ओळींचा अर्ज पाठवला. खुलासा समक्ष आणि तोंडी देण्याची परवानगी मिळावी. पाच मिनिटे पुरतील.

अर्ज त्याच दिवशी वर पोचल्याची सही आहे. मारोतराव ३१ मार्चला निवृत्त झाले. त्यांच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. खिडकीची फळी खाली ओढलेली आहे आणि तिच्यावर 'चौकशी आत करावी' असा कागद चिकटवला आहे. ३ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत चंद्रभानच्या अर्जावर शेरा आलेला नव्हता.