माझ्या पोटातलं लेबल

मी एक जुना केकचा डबा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे गेल्या महिन्यातला. पण भांड्याचं वय महिन्यांत मोजू नये, घासण्यात मोजावं. त्या हिशेबानं मी आमच्या कुरुंदा गावातल्या कुठल्याही हंड्यापेक्षा म्हातारा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमची चकती यंत्राखाली ठेवली, वरून एक दणका बसला आणि मी झालो. गोल, गुळगुळीत, चकचकीत. समोरच्या डब्यात माझं रूप पाहून मी जरा लाजलोच. तेवढ्यात एका हातानं माझ्या पोटात, अगदी मधोमध, तळहाताएवढं लेबल थापलं. अंगावर दुसरी जागा नव्हती असं नाही. पण लेबल लागलं तिथंच, जिथं केक व्हायचा. वर सुंदर केकचं चित्र, खाली बारीक अक्षरांत सूचना: 'वापरण्यापूर्वी लेबल काढावे.' म्हणजे ते काढावं लागणार हे लावणाऱ्याला ठाऊक होतं. तरी त्यानं लावलं. यावर मी अजून विचार करतो.

वसमतच्या भांड्यांच्या दुकानातून मला मंजुषानं घेतलं. मंजुषा ही कुरुंद्याच्या तातेरावांची सून. कुरुंद्यात वाढदिवसाचा केक वसमतहून एसटीनं येतो, कुणाच्या तरी मांडीवर बसून, आणि उतरेपर्यंत त्याची भाकर झालेली असते. म्हणून आपण घरीच केक करून विकावेत, असं तिच्या मनात होतं. सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, अट घातली होती.

"शेजारच्या पंचफुलाबाईच्या नातीचा वाढदिवस हाय. तो केक जमला तर कर बाई तुझा धंदा. न्हाई जमला तर हळद काढायला चल माझ्यासंगं. मंग पुन्यांदा केकाचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे मंजुषाचं पुढचं सगळं माझ्या पोटात होतं. आणि माझ्या पोटात लेबल होतं.

खरेदीला तातेराव सोबत होते. नवं भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं, हा या घराचा नियम.

"नाव टाका ह्यावर," ते दुकानदाराला म्हणाले.

"मामा, केकाच्या डब्यावर कशाला नाव?" मंजुषा म्हणाली.

"पोरी, शेजारी गेलेलं भांडं वापस येत न्हाई. आपली पातेली अजून पंचफुलाबाईच्या फळीवरून आपल्याकडं बघून राहिलीत."

"मग बाहेरून टाका."

"बाहेरून काहून? बाहेरून कुनीबी घासून काढंल. आतून टाका. बराबर मधी."

"मधी लेबल हाय," दुकानदार म्हणाला.

"ते निघंल की घरी. एसटी सुटून राहिली, चालवा तुमची मशीन!"

नाव घालायची मशीन टकटक करत लेबलावरूनच फिरली. कागद फाटला, मी कोरला गेलो आणि 'तातेराव' या नावाच्या प्रत्येक खाचेत गोंद ठासून बसला. मित्रांनो, लेबल लागलेली भांडी जगात पुष्कळ आहेत. लेबल कोरून आत घातलेलं भांडं बहुधा मी एकटाच.

घरी मंजुषानं नखानं लेबल ओढलं. कागद कसाबसा निघाला, गोंद राहिला. नर्मदाबाई म्हणाल्या, राखेनं घास. राख गोंदाला चिकटली. मग उकळतं पाणी ओतलं. गोंद मऊ झाला आणि घर मोठं मिळाल्यासारखा माझ्या अंगभर पसरला. त्याच्यावर मुंगी चिकटली, कोंबडीचं पीस चिकटलं. घरात जे जे उडत होतं ते माझ्याकडे मुक्कामाला आलं.

पंचफुलाबाईंचा मुलगा प्रभू, ज्याच्या पोरीचा वाढदिवस, तो केकची चौकशी करायला आला.

"वैनी, ह्याला एकच औषध. पेट्रोल."

त्यानं मोटरसायकलच्या टाकीतून चिंधी भिजवून आणली. गोंदाला काही झालं नाही. मला मात्र मोटरसायकलचा वास लागला. धुवून, पुसून मंजुषानं नमुन्याचा केक करून पाहिला. खाली कागद अंथरला, तर तो कागदही गोंदाला चिकटला. अर्धा केक ताटात आला, अर्धा माझ्यापाशी राहिला. ताटातला तुकडा तिनं शेळीपुढं धरला. शेळीनं वास घेतला, मंजुषाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. हीच शेळी मागच्या आठवड्यात छत्री खाऊन बसली होती.

"वाढदिवस उद्या हाय," मंजुषा म्हणाली. कुणाला म्हणाली, कळलं नाही.

तेव्हा तातेराव उठले. "पॉलिशला टाकू."

शिजवून वाळवलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. एकमेकांवर घासून त्यांची साल निघते, चमक येते. तातेरावांचे दोस्त हरिचंद यांच्याकडे असा ड्रम होता. त्यांनी मला हळकुंडांत टाकलं आणि बटण दाबलं. आत काय झालं ते मी लहान वाचकांपुढे सांगणार नाही. बाहेर आलो तेव्हा मला ठिकठिकाणी पोचे आले होते, हळकुंडं सुरेख चमकत होती आणि गोंद जागच्या जागी होता. फक्त आता त्याच्यात हळदीची पूड भरली होती. माझ्या तळात सोनेरी अक्षरांत 'तातेराव' झळकत होतं.

तातेराव हरखले. मला छातीशी धरून गल्लीतून दाखवत आले.

"आता कुनी हात लावू नका ह्याला. बगा, कसं लांबून वाचता येऊन राहिलं!"

"मामा," मंजुषाचा आवाज चढला, "त्याच्यात केक करायचाय! तुमच्या नावाची पाटी न्हाई लावायची दारावर!"

आजवर ही सून सासऱ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. तातेरावांनी मला हळूच खाली ठेवलं आणि ते गोठ्याकडं निघून गेले.

मंजुषा मला मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. डोळे भरले होते. घासायची ताकद उरली नव्हती. तिनं वाटीत गोडेतेल आणि खायचा सोडा कालवला, माझ्या पोटात लेपासारखा थापला आणि नुसती बसून राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणी घासत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं फडक्यानं पुसलं, आणि गोंद मुकाट्यानं उठून आला. राख, पेट्रोल आणि अख्खा ड्रम ज्याच्यापुढं हरले, तो तेलात पडून राहिल्यावर आपोआप सुटला. राहिली फक्त अक्षरं. खाचांमधला गोंद काही हलेना.

नर्मदाबाई लांबून बघत होत्या. जवळ आल्या, खाली बसल्या आणि बांगडीत अडकवलेली पिन काढली. याच पिनेनं त्या सगळ्या घराच्या पायातले काटे काढतात.

"आन इकडं."

नर्मदाबाईंनी लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलेलं नाही. आता त्या ते पिनेनं एकेक अक्षर करून टोकरत होत्या. तातेराव गोठ्यातून परत आले, दारात उभे राहिले.

"हळू वं. नाव हाय माझं."

"म्हाईत हाय. लई चिवट हाय. मालकावर गेलंय."

मंजुषा रडता रडता फस्सकन हसली. तातेरावही हसले, पण जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाड पातेल्यात मीठ तापवून मंजुषानं मला केकच्या पिठासकट आत ठेवलं. केक फुलल्यावर झाकण उघडलं, ताट पालथं घातलं, मला उलटं केलं आणि पाठीवर थाप मारली. कुणी श्वास घेत नव्हतं. मीही नाही; मी तसाही घेत नाही. केक सबंध खाली उतरला.

त्याच्या वरच्या अंगावर पुसट उलटी अक्षरं उठली होती.

"हे काय लिहिलंय गं?" केक न्यायला आलेल्या पंचफुलाबाईंनी विचारलं.

तातेरावांनी खाकरून घसा साफ केला.

"डिझाईन हाय, मावशी," असं म्हणत मंजुषानं त्यावर क्रीम फासलं.

संध्याकाळी प्रभूची पोरगी रागिणी हिनं मेणबत्तीकडं लक्ष न देता सगळी मूठ केकात घातली आणि तोंडात कोंबली. तिचे आजोबा मसाजी यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला. नर्मदाबाई कोपऱ्यात बसून खात होत्या. चांगला म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. मंजुषा त्यांच्याकडे बघत राहिली. रात्रभर मी फळीवर अस्वस्थ होतो.

सकाळी हळद काढायला निघालेल्या बाया दारात थांबल्या. "नर्मदाबाई, सून येती ना व?"

"तिला येळ न्हाई," नर्मदाबाई पदर खोचत म्हणाल्या. "तिचं काम हाय." आणि टोपलं उचलून त्या एकट्याच निघाल्या.

मोरीवर मंजुषा मला धूत होती. तिचा हात थांबला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. चिकटलेलं काही दिसलं की ओरबाडायला धावू नका. तेल लावा आणि थांबा. थांबणं हेसुद्धा काम आहे, ते कुणीतरी करावं लागतं. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी लेबलं लावायच्या नोकरीला लागलं, तर त्या दिवशी हात उचलण्याआधी भांडं एकदा पालथं करून पाहा. खाली बूड असतं. रिकामंच असतं.